तिकिटांच्या पाठीवरचं नाव

"हात मागे! हात मागे घ्या आधी! माणसाच्या बोटाला तेल असतं! सुलभा, चिमटा! चिमटा आण लवकर!"

मीरा रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या दारात मी एवढंच विचारायला गेलो होतो, की पाणी किती वाजता येतं. दार उघडं होतं. टेबलावर एक जाडजूड निळा अल्बम होता, अल्बममध्ये एक सोनेरी पोपट होता, आणि मी सहज त्या पोपटाकडे बोट नेलं. त्यावर ही गर्जना झाली. ती एवढी मोठी होती की खाली वॉचमन खुर्चीतून उठला आणि, खोटं कशाला सांगू, काशीमीऱ्याच्या नाक्यावर दोन ट्रकांनी ब्रेक मारले. आतून एक ठेंगण्या बाई लगबगीने आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या हातात चिमटा दिला. फुलके भाजायचा. हातभर लांब, टोकाला काजळी.

"अगं हा नव्हे!"

"दुसरा तुमच्याच खिशात आहे," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून त्याच सुरात, "पाणी सहाला येतं. बसा, चहा टाकते."

त्या सुलभाकाकू आणि गर्जना करणारे ते तांबेकाका. आडनाव तांबे, पण जन्म गेला स्टीलमध्ये. भाईंदर पूर्वेला एका भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून काका भांड्यांवर नावं घालायचे. हातात पेनाएवढं विजेवरचं मशीन. त्याची सुई स्टीलवर टेकली की असा आवाज निघायचा, की रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या दाढा शिवशिवायच्या. समोरच्या दातांच्या डॉक्टरचा दवाखाना त्या आवाजावरच चालायचा, असं माझं ठाम मत आहे. अक्षरं उमटायची ती ठिपक्याठिपक्यांची. आयुष्यभर तेच केल्यामुळे काकांचं पेनाने लिहिलेलं अक्षरही ठिपक्यांचं झालं होतं. बँकेत त्यांनी सही केली की कॅशियर कागद उजेडाकडे धरून बघायचा.

मजुरी अक्षरावर. जोडाक्षराचे पैसे वेगळे. त्यामुळे 'कमल' नावाच्या बायका दुकानातून हसत जायच्या आणि 'लक्ष्मी' नावाच्या भांडून जायच्या. "ज्ञानेश्वर ठेवलंत तेव्हा विचार करायचा होता," असं काका एका बापाला तोंडावर म्हणाले होते. फक्त दोन गोष्टी फुकट होत्या. नावाआधीचं 'सौ.' आणि नावाआधीचं 'कै.'. तेराव्याला वाटायच्या वाट्या आल्या की 'कै.' घालताना ते मशीन जरा हळू चालवायचे. "ह्याचे पैसे मी घेत नाही," म्हणायचे. "ते मी लावत नाही. वरून येतं."

"काका, वाटी लहान आहे, एवढं सगळं बसेल का?" असं कुणी विचारलं की मात्र त्यांचा पारा चढायचा. "जागा नाही हा शब्द आमच्या धंद्यात नाही! तुम्ही मजकूर बोला!" एका बाईंनी पळीच्या दांड्यावर सासू, सासरे, चार दीर, आत्याबाई आणि बारशाचा दिवस असा मजकूर सांगितला. काकांनी तो सगळा बसवला आणि उरलेल्या जागेत एक मोर काढला. पिसारा फुलवलेला. मी स्वतः पाहिलाय.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "नाव घातलं की वस्तू चुकत नाही." ह्याला पुरावा म्हणून ते एका मोदकपात्राची हकिगत सांगायचे. एका पावसाळ्यात कुणाचं तरी मोदकपात्र नाल्यातून खाडीत गेलं, खाडीतून समुद्रात गेलं, आणि काही दिवसांनी उत्तनची एक कोळीण ते घेऊन थेट दुकानात हजर झाली. "नाव हाय म्हून आनलं," ती म्हणाली. "आत दोन मोदक व्हते ते खाल्ले. त्यांच्यावर नाव न्हाय." ही हकिगत खरी नसेल असं म्हणायची सोय नाही, कारण मीच ती चारचौघांत इतक्यांदा सांगितली आहे की आता मी तिथे हजर होतो असं मला आठवतं.

गावोगावच्या बारशांच्या वाट्यांवर ज्याने नावं घातली, त्याच्या स्वतःच्या घरी मात्र पाळणा हलला नव्हता. त्यावर दोघं कधी बोलायचे नाहीत. घरात होती ती भांडी, आणि प्रत्येक भांड्यावर सुलभा. ताटावर सुलभा, गाळणीवर सुलभा, उचटण्यावर सुलभा. खोबरं खवायच्या विळीच्या पात्यावर, जिथे बोट ठेवायलाही जागा नाही, तिथेसुद्धा सुलभा. "चोर आला तर माझं नाव घेतल्याशिवाय जाणार नाही," काकू म्हणायच्या.

तिकिटं आली ती मी राहायला येण्याच्या थोडं आधी. मीरा रोडच्या एका मॉलमध्ये टाय लावलेल्या एका माणसाने काकांना गाठलं. त्याच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहून होईपर्यंत ते बदललेलं असेल. त्याने काकांना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि मखमलीच्या खोक्यातून टपाल तिकिटांचा संच काढला. जगातले पक्षी. सोनेरी मुलाम्याचे. मर्यादित आवृत्ती. मर्यादा कसली, तर पृथ्वीवरची माणसं संपली की छपाई थांबणार, एवढीच. पुढे मी ते सगळे संच डोळ्यांनी पाहिले. ज्या देशाला समुद्र नाही त्या देशाच्या तिकिटांवर देवमासे होते. ज्या देशात काकडून माणूस मरतो तिथल्या तिकिटांवर आपले हत्ती, झुली घालून. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पोस्टाचा छानसा गोल शिक्का आणि मागे गोंद जसाच्या तसा. म्हणजे शिक्का बसलेला, पण तिकीट पाकिटावर कधी चढलेलंच नाही. कुठे गेलेलं नाही, कुठून आलेलं नाही.

पण काका भुलले ते पोपटाला नव्हे. संचाबरोबर एक प्रमाणपत्र होतं, जाड कागदाचं, वेलबुट्टीचं, आणि त्यावर छापलं होतं 'धारकाचे नाव', आणि पुढे एक मोकळी रेघ. काकांनीच मला नंतर सांगितलं, "जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर नावं घातली हो. ही पहिली वस्तू, जिच्यावर त्यांनीच रेघ मारून ठेवली होती, की घाला नाव." काकांनी मॉलमध्येच बसून त्या रेघेवर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं, सौ. सुलभा शशिकांत तांबे. मग दर महिन्याला एक निळं खोकं घरी यायला लागलं. प्रत्येक खोक्यात चिठ्ठी, 'पुढील संच आपल्यासाठी राखून ठेवला आहे.' एवढ्या आदराने कुणी काही राखून ठेवतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? दुकानातून आलेलं सगळं त्या खोक्यांत जायला लागलं.

खाडीची हवा कागदाला वाईट. त्यासाठी काकांनी घरातलं तांदळाचं स्टीलचं पिंप रिकामं केलं. तळाशी थोडे तांदूळ, ओल शोषायला, आणि वर अल्बम. घरातले बाकीचे तांदूळ गेले प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यांत झाले किडे. काकू गच्चीत बसून किडे निवडायच्या आणि मला म्हणायच्या, "बघा, हत्ती पिंपात आणि तांदूळ उन्हात."

मी विमा विकतो. कागदावर माणसाचा विश्वास बसवणं हाच माझा धंदा, तेव्हा कागदाची नाडी मला थोडी कळते. मी काकांना कितीदा तरी म्हटलं, दोघांचा आरोग्य विमा घेऊन टाका. काका पिंपावर थाप मारायचे. "माझी पॉलिसी ही. कमी छापलंय, कमी! थोडी वर्षं जाऊ द्या, मग बघा." आणि मग डोळे बारीक करून, "तुमच्या कागदावर चित्र तरी आहे का एखादं?" मी माझे कागद परत बॅगेत घालायचो.

मग काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली. आमची बिल्डिंग बिनलिफ्टची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. "कुणीतरी पायऱ्या वाढवल्यात," काकू दुसऱ्या मजल्यावर बसून म्हणायच्या. पुढे त्या पहिल्याच मजल्यावर बसायला लागल्या. पुढे पाय सुजले, ओठ निळे दिसायला लागले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप निकामी झालीय, ऑपरेशन करून बदलावी लागेल, आणि थांबू नका. सरकारी योजनेतून काही मिळणार होतं. उरलेलं मोठं होतं. बँकेत काही नव्हतं. जे होतं ते पिंपात होतं.

काकांचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता. डॉक्टरसमोर हा माणूस जवळजवळ हसत होता. "झडपच ना? बदलू. उत्तमातली बदलू. स्टीलची मिळते का?"

आमचे चेअरमन मेहताभाई मनाने मऊ. त्यांनी गच्चीवर सगळ्यांना बोलावलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तांबेकाका, टेन्शन नहीं लेने का. आपण सगळे थोडा थोडा काढू. बिल्डिंगमध्ये एवढे फ्लॅट आहेत, होऊन जाईल."

काका ताठ झाले. "वर्गणी गणपतीची काढा, मेहताभाई. माझ्या घरात खजिना आहे आणि मी लोकांसमोर हात पसरू? एकदा पिंप उघडू दे, मग तुम्हीच माझ्याकडे मागायला याल, लिफ्टसाठी!"

आणि उतरताना जिन्यात मला हळूच म्हणाले, "पण जरा लवकर उघडायला पाहिजे."

प्रमाणपत्राच्या मागे लिहिलं होतं, कंपनी संच परत खरेदी करेल. काकांनी फोन लावला. पलीकडे संगीत. काका फोन मांडीवर ठेवून बसायचे आणि संगीत घरभर वाजत राहायचं. सकाळी लावलेला फोन दुपारी तुटायचा, परत लावायचा. मी जाऊन पाहायचो तेव्हा कॉटवर काकू, खाली काका, आणि मध्ये ते पीं-पीं. काकूंना ती चाल पाठ झाली होती. धाप लागली की त्या मध्येच थांबायच्या आणि श्वास आला की पुढचं गुणगुणायच्या. शेवटी एकदा संगीत थांबलं आणि एका बाईंचा गोड आवाज आला. काकांनी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, परत खरेदी म्हणजे रोख नाही सर, पुढच्या संचावर सूट.

"मला पुढचा संच नको हो," काका म्हणाले. "मला माझी बायको पाहिजे."

"ओके सर. आणखी काही मदत करू शकते का?"

त्यानंतर काकांनी जेवण कमी केलं, झोप सोडली आणि दाढी वाढवली. दुकानाच्या मालकाला विचारलं, सोनाराला विचारलं, पोस्टात जाऊन खिडकीतल्या बाईंना तिकिटं दाखवली. बाई म्हणाल्या, ही आमची नाहीत. इकडे काकूंना आडवं झोपताही येईना. भिंतीला उशी लावून बसायच्या, तशाच डोळे मिटायच्या. मेहताभाई रोज माझ्याकडे बघायचे आणि मी रोज काकांकडे. वर्गणीचं नाव काढलं की काका दार लावून घ्यायचे. त्यांच्या लेखी वर्गणी घेणं म्हणजे पिंप खोटं ठरवणं, आणि पिंपावर सुलभाचं नाव होतं.

अशात मीरा रोडच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये जुनी नाणी आणि तिकिटांचं प्रदर्शन लागलं. काकांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आम्ही पिंप घेऊन निघालो. अख्खं पिंप. शेअर रिक्षावाला बघतच राहिला. "चाचा, शादी में जा रहे हो क्या?" काका म्हणाले, "हां. ऐसा ही समझो." खड्ड्याखड्ड्याला तळातले तांदूळ खुळखुळत होते आणि काका पिंपाला दोन्ही हातांनी असे धरून होते, जसं कुणी आजारी माणसाला धरतं.

हॉलमध्ये टेबलांच्या रांगा. पहिल्या टेबलावरच्या माणसाने अल्बम उघडून न बघताच मिटला. दुसऱ्याने बघितला आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. तिसऱ्याने विचारलं, "खोके मखमलचे आहेत का? खोके घेईन." शेवटच्या टेबलाशी एक म्हातारे गुजराती शेठ बसले होते, डोळ्याला भिंग. त्यांनी काकांना बसायला खुर्ची दिली. खुर्ची मिळाली तसे काका खुलले. हत्ती दाखवले, देवमासे दाखवले, शेवटी सोनेरी पोपट. शेठनी सगळं शांतपणे पाहिलं, एक पान सोडलं नाही.

"काका, रागावू नका," ते म्हणाले. "तिकिटाला किंमत कधी येते? ते थोडे असतात आणि मागणारे जास्ती असतात, तेव्हा. आता हे तिकीट ज्याला ज्याला पाहिजे होते, त्या सगळ्यांच्या कपाटात हे आहे. विकणारे सगळे, घेणारा कोण?"

"पण सोनं आहे त्यात!"

"आहे ना. मिठाईवर वर्ख असते तेवढे."

"कमी छापलंय! इथे लिहिलंय, मर्यादित!" काका उभे राहिले. त्यांचा तो पहिल्या दिवशीचा आवाज लागला. अख्खा हॉल वळला. "तुम्ही लुटता गरिबाला! भाव पाडायला बसलाय तुम्ही! माझी बायको तिकडे बसल्या बसल्या झोपते हो! नीट बघा! परत बघा!"

शेठनी खरंच परत बघितलं. चिमट्याने पोपट उचलला आणि उलटा केला. मग थांबले. भिंग पुढे-मागे केलं. दुसरा पक्षी उलटा केला, तिसरा केला.

"हे काय आहे?"

"नाव," काका म्हणाले.

प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर, मुंगीच्या डोळ्यात बसेल एवढ्या ठिपक्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, सौ. सुलभा. मलाही ते तोवर माहीत नव्हतं. सोनेरी तिकिटांवर मशीनने, कागदी तिकिटांवर पेनाने. बोटाचं तेल लागू नये म्हणून जगावर ओरडणाऱ्या माणसाने एकूण एक तिकिटावर नाव घालून ठेवलं होतं.

"सगळ्यांवर?" शेठनी विचारलं.

"सगळ्यांवर. प्रमाणपत्र वेगळं पडलं तर? वस्तूवर नको नाव?"

शेठनी चिमटा हळूच खाली ठेवला. आणि त्या ठेवण्यातून काकांना काहीतरी दिसलं. त्यांचे डोळे एकदम चमकले. ते टेबलावर वाकले आणि अजिजीने म्हणाले, "म्हणजे माझ्या हातून बिघडलं. नाही का? नाव नसतं घातलं तर किंमत आली असती. तसं असेल तर सांगा. माझी चूक असेल तर चालेल मला. तिकिटं खरी आहेत ना?"

आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील, पण कुणी दुसऱ्याने मारावी अशी इच्छा मला तेवढी एकदाच झाली. हो म्हणावं की नाही म्हणावं, कुठली थाप बरी, हेही मला कळत नव्हतं. मी शेठकडे बघत राहिलो. ते थापा मारणाऱ्यांतले नव्हते.

"नाय काका," ते म्हणाले. "नाव नसते तरी एवढेच."

"एवढेच म्हणजे?"

"म्हणजे काय नाय."

परत येताना काका रिक्षात एकच वाक्य बोलले, "सुलभाला सांगू नका." दारातच काकू भिंतीला धरून उभ्या होत्या. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. काका पिंप भिंतीशी सरकवत राहिले. मग मी सुरू झालो. काय सांगू तुम्हाला, काकू, शेठ खुर्चीतून उठून उभाच राहिला! पोपट पाहिला आणि त्याच्या हातातलं भिंग खाली पडलं! लंडनला फोन लावला, तिकडचा साहेब झोपेतून उठला! काकू सगळं ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या चपलांकडे पाहिलं, ज्या त्याने काढल्याच नव्हत्या.

"मग बसा तरी," त्या म्हणाल्या. "चहा टाकते." आणि ओट्यापर्यंत जाईस्तोवर त्यांना दोनदा थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मेहताभाईंच्या दारात गेले. हातात मशीन. "काढा वर्गणी," म्हणाले. "पण फुकट घेणार नाही. सगळ्यांनी भांडी आणा खाली."

आणि बिल्डिंगने भांडी आणली. जैनांचे डबे आले, बंगाल्यांच्या कढया आल्या, चौथ्या मजल्यावरच्या मद्राशी बाईंचं इडलीपात्र आलं, मेहताभाईंच्या घरातून एवढी भांडी आली की त्यांच्याकडे तेवढे दिवस हॉटेलातून जेवण आलं असावं. खाली पार्किंगमध्ये काका नावं घालत होते. मराठी, गुजराती, इंग्रजी, काय सांगाल ते. जोडाक्षराचे पैसे वेगळे नाहीत. तो आवाज सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालायचा. सबंध मीरा रोडच्या दाढा शिवशिवत असणार. काकूंना आम्ही खुर्चीसकट खाली आणून बसवायचो. त्या बघत बसायच्या. "हळू. जळेल ते मशीन," एवढंच मधूनमधून म्हणायच्या. काका मान वर करायचे नाहीत. "चुकत नाही," पुटपुटायचे. "नाव घातलं की चुकत नाही." ते भांड्यांविषयी बोलत होते, असं समजायला मला आवडलं असतं.

वर्गणी जमली. हॉस्पिटलने तारीख दिली. त्या तारखेच्या आधीच एका दुपारी, काका खाली कुणाच्या तरी परातीवर नाव घालत असताना, काकू वर उशीला टेकून गेल्या. उशीर झाला का, हे डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. काकांनीही नाही. खाली निरोप गेला तेव्हा त्यांनी परात पुरी केली, मशीनची वायर गुंडाळली आणि मग जिना चढले.

सुतकाच्या दिवसांत एकदा कुरिअरवाला निळं खोकं घेऊन आला. काकांनी ते सही करून घेतलं आणि न उघडता पिंपात टाकलं. पिंपात आता अल्बम नव्हते. पुन्हा तांदूळ होते. अल्बमांचं काय केलं, हे मी विचारलं नाही.

तेराव्याला बिल्डिंगमधले सगळे जेवायला होते. जेवणं झाल्यावर काकांनी एकेकाच्या हातात एकेक वाटी दिली, सगळ्या त्यांनीच नाव घातलेल्या. मी माझी वाटी उजेडाकडे फिरवली. कडेवर तेच ठिपके होते, तिकिटांच्या पाठीवर होते तेवढेच आणि तसेच. सौ. सुलभा. अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही. उरलेली कड गोल फिरून परत नावापाशी येईपर्यंत कोरी चकचकीत होती. तिथे मोरच काय, मोरांची अख्खी वसाहत बसली असती.

मेहताभाई गेले, इतर गेले. मी वाटी घेऊन काकांजवळ बसलो.

"काका, आधीचं 'कै.' राहिलं."

त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि परत दिली.

"जागा नव्हती," ते म्हणाले.